पाखरांची शाळा

दोस्तांनो, आज एका चोरीची गोष्ट सांगते. अगदी खरी घडलेली. चोरी झाली इंग्लंडमध्ये, साउदम्प्टन शहराजवळ, १९२१ साली. आणि चोरीचा माल काय होता, माहीत आहे? सकाळच्या दुधावरची मलई!

त्या काळी तिकडे दूधवाला पहाटे यायचा आणि दुधाच्या काचेच्या बाटल्या दाराबाहेर पायरीवर ठेवून जायचा. (आजी-आजोबा मुंबईत राहिलेले असतील तर त्यांना विचारा. आरेचं दूधही अशाच काचेच्या बाटल्यांतून मिळायचं आणि बाटलीच्या तोंडावर पातळ पत्र्याचं झाकण असायचं.) न तापवलेलं दूध असं स्वस्थ राहिलं की त्यातला स्निग्ध भाग वर येतो. बाटलीच्या गळ्याशी मलईचा छान जाड थर जमतो. साखरझोपेतली मंडळी उठून दार उघडायची, बघतात तर काय, बाटलीचं झाकण फाटलेलं आणि वरची मलई गायब!

पहिला संशय कोणावर जाणार? मांजरावर! पण मांजराला बाटलीचं झाकण असं नेमकं थोडी सोलता येतं? पाळत ठेवल्यावर चोर सापडला. निळी टोपी, पिवळं पोट आणि वजन चिमणीच्या निम्म्याहूनही कमी. हा होता 'टिट' जातीचा एक इवलासा पक्षी. स्वारी बाटलीच्या काठावर बसायची, चोचीनं झाकण टोकरायची, त्याची एक पट्टी सोलून काढायची आणि आत चोच बुडवून मलई फस्त करायची. थंडीच्या दिवसांत एवढ्याशा जिवाला अंगात ऊब टिकवायची तर असा स्निग्ध खाऊ म्हणजे चंगळच की!

एका पाखरानं एक युक्ती शोधली, इथवर नवल नाही. नवल पुढेच आहे. काही वर्षांत तीच तक्रार दुसऱ्या गावातून आली, मग तिसऱ्या, मग चौथ्या. १९४०च्या दशकापर्यंत ब्रिटनच्या कानाकोपऱ्यातले टिट दुधाच्या बाटल्या उघडू लागले होते. काही ठिकाणी तर त्यांची टोळी दूधवाल्याच्या गाडीमागोमाग फिरायची. तो बिचारा एका घरी दूध द्यायला वळला की गाडीतल्याच बाटल्यांवर धाड!

जेम्स फिशर आणि रॉबर्ट हाइंड या दोघांनी देशभरातून अशा नोंदी गोळा केल्या आणि १९४९ साली त्यावर निबंध लिहिला. टिट हा काही फार लांब भटकणारा पक्षी नव्हे. आपला परिसर सोडून तो सहसा जात नाही. मग साउदम्प्टनची युक्ती शेकडो मैलांवर कशी पोचली? फिशर आणि हाइंड यांनी नोंदी नकाशावर मांडून पाहिल्या. त्यांना असं दिसलं, की ही युक्ती बऱ्याच ठिकाणी कोणा ना कोणा हुशार टिटानं स्वतंत्रपणे शोधून काढली असावी. मात्र एकदा शोध लागला की त्या गावात ती भराभर पसरत होती. म्हणजे शोधणारे थोडे आणि शिकणारे पुष्कळ. तुमच्या वर्गात नाही का, भोवरा हातावर घ्यायची करामत एखाद्यालाच आधी जमते आणि महिन्याभरात ती निम्म्या वर्गाला यायला लागते? तसंच हे!

डावीकडून की उजवीकडून?

आता तुमच्यातला एखादा चिकित्सक म्हणेल, "ताई, हे सगळे अंदाज झाले. टिट एकमेकांचं बघून शिकले, याला पुरावा काय?"

शाबास! शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला होता. १९८४ साली कॅनडात टिटाच्याच एका भाऊबंदावर प्रयोग झाला. आधीच उघडलेल्या डबीतून खाऊ मिळाला, तर नंतर बंद डबीसुद्धा काही पक्षी उघडायला शिकतात, असं त्यात दिसलं. म्हणजे गुरू समोर हजर नसला, त्यानं फोडून ठेवलेली बाटली नुसती सापडली, तरी काम भागू शकतं. मग खरं काय? रानातले पक्षी एकमेकांचं पाहून शिकतात हे सिद्ध कसं करायचं?

याचं उत्तर मिळालं ऑक्सफर्डजवळच्या 'व्हाइटम वुड्स' नावाच्या रानात. या रानात १९४७ साली डेव्हिड लॅक या पक्षिशास्त्रज्ञानं 'ग्रेट टिट' या पक्ष्यांचा अभ्यास सुरू केला, तो आजही चालू आहे. तिथल्या पाखरांच्या पायात कडी घातलेली असते. अलीकडच्या काळात त्या कडीत एक सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक चकती बसवली जाते. पक्षी खाऊच्या पेटीवर येऊन बसला की कोण आलं, किती वाजता आलं, याची नोंद आपोआप होते. शाळेतल्या हजेरीपटासारखीच, फक्त 'हजर' म्हणायची गरज नाही!

लूसी अ‍ॅप्लिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी या पाखरांना एक कोडं घातलं. त्यांनी एक पेटी बनवली. तिच्या आत टिटांना भारी आवडणाऱ्या अळ्या होत्या आणि समोर सरकतं दार. दाराची एक बाजू निळी, दुसरी लाल. निळ्या बाजूनं ढकललं तरी अळी मिळे आणि लाल बाजूनं ढकललं तरी अळीच मिळे. दोन्ही वाटा सारख्याच सोप्या.

रानाच्या वेगवेगळ्या भागांत टिटांचे वेगवेगळे गट राहतात. अशा काही गटांतले फक्त दोन-दोन नर त्यांनी पकडून आणले. एका गटातल्या दोघांना शिकवलं, निळीकडून ढकला. दुसऱ्या गटातल्या दोघांना शिकवलं, लालकडून ढकला. चार दिवसांची शिकवणी झाली आणि गुरुजींना पुन्हा रानात सोडून दिलं. काही गटांत मात्र मुद्दामच न शिकवलेले नर सोडले.

पुढे काय झालं असेल? वीस दिवसांत शिकवलेल्या गटांतल्या सरासरी चारपैकी तीन पाखरांना पेटी उघडता यायला लागली. जिथे गुरू नव्हते तिथेही काही पाखरांनी आपल्या अकलेनं दार उघडलं, पण असे हुशार शिकवलेल्या गटांपेक्षा कमी. आणि खरी गंमत तर पुढेच! निळ्या गुरुजींचा गट निळीकडूनच दार ढकलत होता, लाल गुरुजींचा गट लालकडूनच. काही पाखरांना मधेच दुसरी बाजू सापडली. तिकडूनही अळी मिळते हे त्यांना कळलं. तरीसुद्धा ती बहुतेक वेळा आपल्या गटाच्या रीतीकडेच वळली. आणि जी पाखरं एका गटातून दुसऱ्या गटात राहायला गेली, त्यांतल्या बहुतेकांनी नव्या गटाची रीत उचलली. नव्या शाळेत गेल्यावर तिथले खेळ आणि तिथली भाषा आपणही उचलतोच ना?

पुढच्या हिवाळ्यात पेट्या पुन्हा मांडल्या. मधल्या काळात निम्म्याहून अधिक जुने पक्षी उरले नव्हते. टिटांचं आयुष्य ते केवढं! पण रीत उरली होती. निळा गट निळाच होता आणि लाल गट लालच.

२०१५ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि 'संस्कृती' हा शब्द माणसांबरोबर पाखरांसाठीही ठामपणे वापरला जाऊ लागला. संस्कृती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लेणी, अभंग आणि सणवार येतात. पण त्याच्या मुळाशी आहे ती एक साधी गोष्ट: जे जन्मतः येत नाही, जे आपल्या माणसांकडून शिकावं लागतं आणि जे आपल्यानंतरही मागे उरतं, ते.

मुखवट्याचा राग

तुम्ही म्हणाल, हे झालं खाऊचं. पाखरं आणखी काय शिकवतात एकमेकांना? तर राग धरायलाही शिकवतात! आणि या विषयातले पटाईत म्हणजे कावळोबा.

कावळ्याच्या घरट्याजवळून गेलं की तो डोक्यावर टोच मारतो, हे तुमच्यातल्या काहींनी अनुभवलं असेल. नेमक्या एकाच माणसाच्या मागे लागलेला कावळाही काहींनी पाहिला असेल. कावळा माणसाचा चेहरा ओळखतो की काय? अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात, जॉन मार्झलफ यांनी २००६ साली हे तपासून पाहिलं. आदिमानवाचा एक रबरी मुखवटा चढवून त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी सात कावळे जाळ्यात पकडले, त्यांच्या पायांत कड्या घातल्या आणि लगेच सोडूनही दिले. कोणाला काही इजा केली नाही. पण कावळ्यांच्या लेखी तो अपमान तो अपमानच!

त्यानंतर तोच मुखवटा घालून कोणी आवारातून नुसतं फिरलं तरी कावळे काव काव करून आरडाओरडा करायचे, अंगावर यायचे. दुसरा एखादा मुखवटा घातला तर त्यांचं विशेष काही नसे. एका फेरीत मार्झलफ यांना ५३ कावळे भेटले, त्यांतल्या ४७ जणांनी कलकलाट केला. आता हिशेब करा. पकडले होते फक्त सात! मग बाकीच्यांना कोणी सांगितलं?

त्याचं उत्तर २०१२ साली प्रसिद्ध झालं. काही कावळे स्वतः पकडले गेले होते. काही जण आजूबाजूला जमलेल्या गोंगाटात सामील होऊन हा चेहरा धोक्याचा असं शिकले. आणि जी पिल्लं त्या प्रसंगानंतर जन्माला आली, ज्यांनी जाळं कधी पाहिलंच नव्हतं, ती आई-वडिलांचं बघून शिकली. घरात कुणी सापाला घाबरत असलं की साप कधी न पाहिलेलं लहान मूलही घाबरायला शिकतं, तसंच काहीसं.

प्रयोग वर्षानुवर्षं चालू राहिला. कलकलाट करणाऱ्यांची संख्या आधी वाढत गेली आणि मग हळूहळू ओसरली. २०२३ साली, म्हणजे सतरा वर्षांनी, तो मुखवटा घालून फेरी मारली तेव्हा एकही कावळा ओरडला नाही. जुने कावळे गेले होते आणि नव्यांना त्या मुखवट्यानं कधी त्रास दिला नव्हता. राग विरून गेला.

तिकडे दुधाच्या बाटल्यांचंही असंच झालं. मलई वर येणार नाही असं दूध निघालं, दाराशी बाटल्या ठेवणंच कमी झालं आणि टिटांची ती कला मागे पडली. ज्याची गरज नाही ते विसरलं, तर बिघडलं कुठे? पण दोस्तांनो, कधी कधी पाखरं असं काही विसरतात, की त्यानं त्यांच्या जिवावरच बेततं.

विसरलेलं गाणं

आधी आपल्या कोकिळेची आठवण करा. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. पिल्लाला भरवतो कावळा, वाढवतो कावळा, दिवसभर कानावर पडते ती काव काव. तरीही मोठा झाल्यावर कोकीळ 'कुहू'च म्हणतो. त्याला ते कोणी शिकवत नाही. त्याचं गाणं जन्माबरोबरच येतं.

सगळ्या पाखरांचं असं नसतं. पुष्कळ गाणारे पक्षी लहानपणी आपल्या जातीच्या मोठ्या नरांचं गाणं ऐकतात, ते घोकतात, चुकतात, पुन्हा गातात आणि मग त्यांचं गाणं तयार होतं. थेट तुमच्या पाढ्यांसारखं! गुरूच मिळाला नाही, तर गाणंही नीट येत नाही.

ऑस्ट्रेलियात 'रीजंट हनीईटर' नावाचा एक देखणा पक्षी आहे. काळं डोकं, अंगावर सोनेरी पिवळ्या नक्षीचे काठ, जणू काळ्या पैठणीला जर लावलीय. निलगिरीच्या जातीच्या झाडांच्या फुलांतला मध हे त्याचं मुख्य अन्न. एके काळी याचे मोठमोठे थवे दिसायचे. शेतीसाठी ती रानं तोडली गेली आणि पक्षी घटत गेला. आज रानात तीनशेहूनही कमी उरले आहेत असा अंदाज आहे, आणि तेही महाराष्ट्राच्या आकारापेक्षा मोठ्या प्रदेशात विखुरलेले.

रॉस क्रेट्स आणि त्यांचे सहकारी या पक्ष्यांना शोधत रानोमाळ हिंडत होते. हिंडताना त्यांच्या कानांना काहीतरी खटकलं. पक्षी दिसतोय हनीईटर, पण गातोय भलत्याच पाखराचं गाणं! त्यांनी जमेल तितक्या नरांची गाणी ध्वनिमुद्रित केली. २०२१ साली त्यांनी जे लिहिलं ते वाचून पक्षिप्रेमी हळहळले. शंभरातले साधारण बारा नर आपल्या जातीचं गाणं गातच नव्हते, ते दुसऱ्याच जातींच्या पक्ष्यांची नक्कल करत होते. शंभरातल्या सत्तावीस नरांचं गाणं आपल्या भागातल्या रूढ गाण्यापेक्षा वेगळं होतं.

असं का व्हावं? पक्षी इतके थोडे आणि इतके विखुरलेले, की लहान नराला आपल्या जातीचा गुरूच भेटत नाही. मग जे कानावर पडेल ते तो शिकतो. आणि याचा परिणाम? मादीला हवं असतं ओळखीचं गाणं. वेगळं गाणाऱ्या नरांना जोडीदारीण मिळण्याची शक्यता कमी होती. जोडी नाही तर घरटं नाही, घरटं नाही तर पिल्लं नाहीत. पिल्लं नाहीत म्हणजे पुढच्या वर्षी गुरू आणखी कमी! पाहिलंत, कसं चक्र आहे ते?

सिडनीच्या टरॉंगा प्राणिसंग्रहालयात १९९५ पासून हे पक्षी वाढवून रानात सोडले जातात. पण पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लांना तरी रानातलं गाणं कुठून यावं? आधी त्यांना ध्वनिमुद्रित गाणी ऐकवून पाहिली. मग खरीखुरी शाळाच काढली. रानात जन्मलेले, गाणं पक्कं येणारे नर शिक्षक म्हणून आणले आणि पिल्लांची लहान लहान तुकडी करून त्यांच्याशेजारी ठेवली. (तुकडी लहान असली की अभ्यास बरा होतो, हे पाखरांच्या शाळेतही खरं ठरलं बरं का!) तीन वर्षांत रानातलं गाणं शिकलेल्या पिल्लांचं प्रमाण शून्यावरून ४२ टक्क्यांवर गेलं.

२०२५ साली ही बातमी आली, तिच्यासोबत एक चटका लावणारी गोष्टही होती. एवढ्या काळात रानातल्या हनीईटरांच्या गाण्याचं जुनं, पूर्ण रूप ऐकू येणं बंद झालं होतं. ते उरलं होतं फक्त पिंजऱ्यातल्या या विद्यार्थ्यांच्या कंठात.

भरतपूरची वाट

गाणं शिकावं लागतं, तशी वाटही. काही पक्षी एकट्यानंच पहिला प्रवास करतात. त्यांच्या अंगातच दिशेची जाण असते. पण क्रौंचाचं पिल्लू मात्र आई-वडिलांच्या पंखांच्या सोबतीनं जातं. कुठे उतरायचं, कुठे पाणी आहे, कुठून वळायचं, हे ते पहिल्याच प्रवासात शिकतं आणि जन्मभर लक्षात ठेवतं.

अमेरिकेतला 'हूपिंग क्रेन' हा पांढराशुभ्र क्रौंच १९४१ साली संपल्यातच जमा होता. जेमतेम वीस-बावीस पक्षी उरले होते. पुढे संरक्षण मिळालं, संख्या हळूहळू वाढली. शास्त्रज्ञांनी ठरवलं, की देशाच्या पूर्व भागात याचा आणखी एक थवा तयार करायचा. पिल्लं वाढवता येत होती. अडचण एकच होती: ज्यांनी कधी प्रवासच केलेला नाही अशा पिल्लांना दक्षिणेची वाट दाखवणार कोण? वाट माहीत असलेला एकही वडीलधारा पक्षी तिकडे नव्हता.

मग माणूसच क्रौंच झाला! पांढरे घोळदार झगे घालून, तोंड झाकून, हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली धरून माणसं पिल्लांना भरवू लागली. माणसांची सवय लागू नये म्हणून पिल्लांसमोर चकार शब्द काढायचा नाही, असा नियम. अंड्यात असल्यापासूनच पिल्लांना छोट्या विमानाच्या इंजिनाचा आवाज ऐकवला जाई. २००१ च्या ऑक्टोबरात विस्कॉन्सिन राज्यातून ते चिमुकलं विमान निघालं, म्हणजे मोटार लावलेला पतंगच म्हणा ना! मागोमाग तरुण क्रौंच. मजल दरमजल करत, वादळवारा आला की थांबत, डिसेंबरात ही वरात फ्लोरिडात पोचली. जवळजवळ दोन हजार किलोमीटर! आणि वसंत ऋतूत, कोणीही वाट न दाखवता, हिवाळ्यातून तगलेले पक्षी आपले आपण विस्कॉन्सिनला परतले. वाट त्यांना पाठ झाली होती.

विमानाची ही शिकवणी त्यानंतर अनेक वर्षं चालली आणि २०१६ साली थांबवण्यात आली. मात्र त्या थव्यानं आपल्याला एक मोलाची गोष्ट शिकवली. कोणता पक्षी कुठून उडाला याच्या आठ वर्षांच्या नोंदी तपासून २०१३ साली शास्त्रज्ञांनी सांगितलं, की ज्या थव्यात एखादा सात वर्षांचा अनुभवी क्रौंच असतो तो थवा, नुसत्या वर्षावर्षाच्या पोरांच्या थव्यापेक्षा, वाटेवरून ३८ टक्के कमी भरकटतो. थवा मोठा की लहान यानं फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आत एखादं जुनंजाणतं आहे की नाही यानं.

हे वाचलं आणि मला आपलं भरतपूर आठवलं.

राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात हिवाळ्यात सायबेरियन क्रौंच यायचे. बर्फासारखे पांढरे, तांबड्या चेहऱ्याचे, पंखांच्या टोकाला काळे. सायबेरियातून निघून, अफगाणिस्तानावरून, हजारो किलोमीटर उडून ते तिथल्या उथळ पाण्यात उतरत. पुष्कळदा जोडप्याबरोबर एकच पिल्लू असे, आई-बाबांना चिकटून राहणारं. १९६०च्या दशकात शंभराहून अधिक पक्षी येत. मग आकडा उतरत गेला. वाटेतली शिकार, वाटेतली युद्धं आणि आटत चाललेली तळी या सगळ्यांनी एकेक पक्षी गळत गेला. १९९०च्या दशकात बोटांवर मोजण्याइतके उरले. २००१-०२ च्या हिवाळ्यात एक जोडी आली. त्यानंतर कोणीही आलं नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. सायबेरियन क्रौंच पृथ्वीवरून नाहीसे झालेले नाहीत. त्यांचे हजारो भाऊबंद आजही सायबेरियाच्या पूर्व भागातून चीनमधल्या पोयांग सरोवरात हिवाळ्याला जातात. पक्षी आहेत, पंख आहेत, भरतपूरही जागेवर आहे. नाही ती फक्त भरतपूरची वाट. ती कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती. ती होती मूठभर म्हाताऱ्या क्रौंचांच्या डोक्यात. शेवटच्या जोडीबरोबर तीही गेली.

म्हणून पक्षी वाचवायचे म्हणजे नुसती अंडी उबवून संख्या वाढवायची, एवढ्यावर भागत नाही. त्यांच्यातली वडीलधारी वाचली पाहिजेत, त्यांचे थवे मोठे आणि एकत्र राहिले पाहिजेत. तळं बुजलं, रान तुटलं की तिथले पक्षी तर जातातच, पण तळं कुठे आहे हे पोरांना सांगणारं कोणी उरत नाही. मग उद्या पुन्हा तळं खणलं तरी ते ओळखणार कोण?

तुमच्या खिडकीतून

हे सगळं बघायला इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही हं! तुमच्या खिडकीबाहेरही शाळा भरलेली आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी कावळ्याची पिल्लं घरट्याबाहेर पडतात. तोंडं वासून ती आई-बाबांच्या मागे मागे फिरतात. कोणत्या घरातून पोळी मिळते, कोणत्या घरातून दगड, हे त्यांना किती दिवसांत कळतं? डबा खायच्या सुट्टीत मैदानाच्या कोणत्या कोपऱ्यात साळुंक्या जमतात? घंटा व्हायच्या आधी येतात की नंतर? शेजारच्या वाडीतल्या चिमण्यांची आणि तुमच्या चिमण्यांची एखादी सवय वेगळी आहे का?

एक वही करा. तारीख, वेळ, जागा आणि जे दिसलं तेवढंच लिहा. आपल्याला काय वाटलं ते वेगळ्या रकान्यात. (फिशर आणि हाइंड यांचा तो निबंधही देशभरच्या साध्या माणसांच्या अशाच नोंदींवर उभा होता.) घरट्याला मात्र हात लावायचा नाही आणि पिल्लांच्या फार जवळ जायचं नाही.

आणि हो, आई-बाबांनो, हे काम मुलांइतकंच तुमचंही आहे. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासमोर वही घेऊन बसा. गावाजवळच्या तळ्यावर त्यांच्या लहानपणी कोणते पक्षी यायचे, कोणत्या महिन्यात यायचे, कधीपासून यायचे थांबले, हे विचारा आणि लिहून ठेवा. क्रौंचांना लिहिता येत नव्हतं. आपल्याला येतं.

काय काय सापडलं, ते पत्रानं आम्हाला जरूर कळवा!